म्हैस विकणे आहे

आमच्या तालुक्यात फोनवर खरेदी-विक्रीचा एक ग्रुप आहे. सकाळचा चहा घेता घेता मी तो उघडते आणि चहा संपायच्या आत माझं डोकं फिरतं. 'प्लॉट विकने आहे.' 'रुम भाड्याने देने आहे, फक्त फॅमेली साठी.' 'गाडी चांगल्या कंडीशन मध्ये, मालकाने स्वता वापरलेली.' आणि खाली हटकून 'संर्पक'. अरे, रफार 'क'च्या डोक्यावर द्यायचा, 'प'च्या नाही! उभी नोकरी हेच सांगण्यात गेली माझी. डोणगावात आणि आसपासच्या चार गावांत निम्मी माणसं माझ्या हाताखालून गेलेली आहेत, म्हणजे ही 'विकने' लिहिणारी पोरंसुद्धा माझीच. नळातला न आणि बाणातला ण इतक्या वेळा घोकून घेतला, तो गेला कुठं?

मी गप्प बसत नाही. जाहिरातीखाली दुरुस्त करून लिहिते. एका शेळीवाल्यानं मला उत्तर दिलं, 'मॅडम, शेळी घ्यायची का? नाही त मंग काऊन तरास देऊन राह्यल्या?' मी लिहिलं, 'शेळी नको. त्रास असा लिहितात.' त्याला वाईट वाटलं असेल. मला नाही वाटलं.

याला कारण आहे. आमच्या घरात लिहिता येणारी मी पहिली. बाप मजुरीला जायचा आणि अंगठा उठवायचा. मी सातवीत गेले तशी आमची सगळी बौद्ध वस्ती अर्ज लिहून घ्यायला माझ्या दारात यायला लागली. पुढं बीएडला पुण्यात गेले. पहिल्याच दिवशी मेसमध्ये मी म्हणाले, 'मले पाणी पायजे,' आणि अख्खं टेबल हसलं. त्या हसण्यानं मी रडले नाही, पेटले. वर्षाच्या आत त्याच मुली आपल्या वह्या माझ्याकडून तपासून घ्यायच्या. तेव्हापासून भाषेच्या बाबतीत मी कोणाच्या बापाला भीत नाही.

तर आमच्या शेजारी एक जोडपं राहतं. भाजीचा मळा आहे त्यांचा. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, जे निघेल ते बाजारात नेतात. मी तिला वहिनी म्हणते, त्यांना भाऊ. वहिनीचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. डॉक्टरांनी एका सोमवारचं ऑपरेशन ठरवलं आणि सांगितलं, यापुढं उकिडवं बसायचं नाही, जन्मभर नाही. उकिडवं नाही म्हणजे दोहणं नाही. शिवाय ऑपरेशननंतर तीन महिने दोघंही अकोल्याला लेकीकडे राहणार होते. दारात एकच म्हैस, वहिनीनं पारडी असल्यापासून वाढवलेली. ती कोणाच्या तरी घरी द्यायला हवी होती. वहिनीनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, 'माही म्हैस चांगल्या घरी जाईन तवा मी दवाखान्यात जाईन. गाडीवाल्याले देनार नाही. नाही त राहू द्या गुडघे असेच.' गाडीवाले म्हणजे गावोगाव फिरून जनावरं भरून नेणारे व्यापारी. त्यांच्या गाडीत चढलेलं जनावर पुढं कुठं उतरतं, हे कोणी विचारत नाही.

ऑपरेशनला दहा दिवस असताना भाऊ माझ्याकडे आले. जाहिरात त्यांनीच लिहून आणली होती, फक्त फोटो काढून ती ग्रुपवर टाकायची होती. मी चष्मा लावला. 'म्हैस विकने आहे. तीसरं वेत. दोन टाईमचं मीळून आठ लीटर दुध. खोड – गडी मानसाले हात लावू देत नाही, लात मारते. बाईच पायजे. जागा बदलली का दोन दिवस पान्हा चोरते. गाडीवाल्यानं फोन करू नये.'

बाप्पा! मी तिथंच लाल पेन काढला.

'विकणे' केलं, 'तिसरे' केलं, 'दूध' दीर्घ केलं. मग लाथेवर आले. जाहिरातीत कोणी आपल्या मालाची निंदा करतं का? ती ओळ उडवली. पान्ह्याची उडवली. गाडीवाल्यांची तर उद्धट वाटली, तीही गेली. मग ते सगळं फार भुंडं दिसायला लागलं, म्हणून पदरचं थोडं घातलं: 'उत्तम दुधाळ, शांत स्वभावाची म्हैस विकणे आहे. इच्छुकांनी संपर्क साधावा.' रफार जागच्या जागी. ते दोघं दिवसभर मळ्यात, म्हणून फोन नंबर माझाच टाकला.

भाऊंनी दोनदा वाचलं. 'मॅडम, खोड कुठी गेली?'

'खोड कशाला लिहायची, भाऊ? गिऱ्हाईक पळून जाईल.'

ते मान हलवून गेले. मला वाटलं, पटलं.

फोन भराभर आले आणि सगळे गाडीवाल्यांचे. एकानं विचारलं, 'अंगानं भरेल हाये का?' दुसरा म्हणाला, 'दुधाचं राहू द्या मॅडम, गाडी कधी आनू ते सांगा.' हे मी वहिनीला सांगितलं तर ती उखडली. 'दुधाचं राहू द्या म्हनते? मंग काय करते तो माह्या म्हशीचं?' एक जण तर न सांगता गाडी घेऊन फाटकापाशी येऊन उभा राहिला. वहिनी काठी टेकत टेकत बाहेर गेली आणि तिनं त्याला असं काही सुनावलं, की त्यानं गाडी वळवलीसुद्धा नाही, तशीच उलटी नेली.

सोमवारला चार दिवस उरले. त्या दिवशी पहिल्यांदा एका बाईचा फोन आला. हिवरा आश्रमाजवळच्या खेड्यातली होती. दूध किती, वेत कितवं, चारा काय खाते, नीट विचारलं. शेवटी म्हणाली, 'खोड काय हाये?'

मी ठसक्यात सांगितलं, 'काहीच नाही. बिनखोडीची आहे.'

ती म्हणाली, 'बिनखोडीचं जनावर असते का मॅडम कुठी? ठेवा फोन.' आणि तिनंच ठेवला.

माझा पारा चढला. मी तडक शेजारी गेले. 'मी काय खोटं बोलते काय, भाऊ? काय समजते ती बाई स्वतःला?'

भाऊंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग जे त्यांनी मला सहा दिवसांपूर्वी सांगायला हवं होतं, ते सांगितलं. आमच्याकडे जनावर विकताना त्याच्या पाठीवर हात ठेवून, दोन माणसांसमोर खोड सांगावी लागते. सांगितलेली खोड घेणाऱ्यानं पत्करली, व्यवहार पक्का. न सांगितलेली निघाली, तर तो आठ दिवसांत जनावर परत आणून तुमच्या दारात बांधतो आणि गाव बघतं. म्हणून घरच्या जनावराची खोड आधी सांगतात, बाकीचं मागून. खोड सांगत नाही तो फक्त व्यापारी, कारण त्याला जनावर माहीतच नसतं. ग्रुपवर सगळ्यांना वाटलं, ही म्हैस आधीच व्यापाऱ्याच्या हातात गेली आहे.

'अन् तुमी शांत लिहिलं,' भाऊ खाली बघत म्हणाले. 'ही मांगच्या साली माहेरी गेल्ती, तवा मी हिचं लुगडं नेसून दोन दिवस दोहली. तिसऱ्या दिवशी वळखलं तिनं. हे पाहा,' आणि त्यांनी नडगीवरचा वण दाखवला.

वहिनी हसली. मला हसू आलं नाही. जन्म या गावात गेला, पण आमच्या घरी कधी जनावर नव्हतं. बाजारात खोड कशी सांगतात, हे मला माहीत नव्हतं आणि माहीत नाही हेही माहीत नव्हतं. 'मंग तवाच काऊन नाही सांगतलं मले?' माझ्या तोंडून निघालं. पुण्यानंतर इतक्या वर्षांनी मी कोणाशी असं बोलले.

'तुमी मॅडम,' भाऊ म्हणाले. 'तुमी खोडल्यावर आमी काय बोलाव?'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथंच खाटेवर बसून मी जाहिरात पुन्हा लिहिली. भाऊंचं एकेक वाक्य परत घातलं, लाथ, पान्हा, गाडीवाले, सगळं. शुद्धलेखन मात्र माझंच ठेवलं, ते मी सोडत नाही. आणि खाली स्वतःहून लिहिलं, 'आधीच्या जाहिरातीत खोड लिहिली नव्हती. ती चूक लिहिणारीची आहे, मालकाची नाही.' ग्रुपवरच्या निम्म्या पोरांनी ते वाचलं असणार. वाचू दे. त्यांच्या चुका मी चारचौघांत दाखवते, मग माझी काय झाकून ठेवायची?

मग त्या बाईला फोन लावला. ती उचलेना. तिसऱ्यांदा उचलला. मी म्हणाले, 'बाई, ठेवू नका. मी खोटं सांगितलं. खोड आहे. गडी माणसाला जवळ येऊ देत नाही, लाथ मारते. बाईचाच हात लागतो.'

मला वाटलं, आता ही पुन्हा फोन ठेवणार.

'आमच्या घरी गडी मानूसच नाही, मॅडम,' ती म्हणाली. 'मी अन् माही सासू. हे तुमी पयलेच काऊन नाही लिहिलं?'

मी तिला वाट सांगितली.

शनिवारी दोघी सासू-सुना आल्या. भाऊंनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि पुन्हा सगळी खोड तोंडी सांगितली. वहिनी खुर्चीवर बसून म्हशीची मान खाजवत राहिली. ती बाई बादली घेऊन खाली बसली. म्हशीनं मागं वळून तिला हुंगलं, दोन वेळा पाय हलवला आणि उभी राहिली. बादलीत पहिली धार वाजली.

म्हैस गेल्यावर वहिनी रिकाम्या दाव्याकडे बघत रडली, चांगली पोटभर रडली. मी शेजारी उभी होते. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं.

'मॅडम, लावा फोन त्या डाक्टरले,' ती म्हणाली. 'काप म्हना आता गुडघे.'