बसम्मा केदाराला बूट घालून गेली

आमच्या पेडगावात दुकानावर येऊन कुणी म्हणलं, जिंतुराकडं लय पाऊस झाला, की बसम्मा तागडी खाली ठेवायची अन् इचारायची, "तू भिजलास का?" तो न्हाई म्हणला की, "मग गप गूळ घे अन् वाटंला लाग." ही माझी थोरली जाऊ. मी तिला अक्का म्हणायची. तिच्या जिभेला सगळं गाव टरकून असायचं, अन् खरं सांगते, मीबी टरकून असायची. पण आज तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी त्याला दारात उभं राहू देत न्हाई. त्या केदाराच्या गोष्टीवरून लोक अजून मागं कुजबुजतात. कुजबुजा म्हणावं खुशाल! मी तिच्यासंगं होते, तुमी नव्हता.

आमी लिंगायत वाणी. गळ्यात लिंग, घरात किराणा. माझे थोरले दीर मन्मथअप्पा म्हंजे लय सालस माणूस. निजामाच्या शेवटच्या साली गावात पळापळ झाली, तवा आमी सगळे ज्वारीच्या रानात दडून बसलो होतो. तिथं त्यांनी हात जोडून नवस बोलला, "केदारनाथा, माझी माणसं वाचू दे, तुझ्या दारी अनवाणी येईन." माणसं वाचली. नवस मात्र राहून गेला, अन् पुढं दोन-तीन सालांत थंडीतापानं ते गेले. अक्कानं डोळे पुसले अन् दुकानाची फळी उघडली. पण तवापासून जो उठंल तो तिला ऐकवायचा, "बसम्मा, नवऱ्याचा नवस डोक्यावर हाय बरं का." जसं काय तिला ठाऊकच नव्हतं.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या शिवरातीची गोष्ट. मठात लिंगराजअप्पा उठले. हे गावातले बडे आडते, मठात शब्द त्यांचाच चालायचा. म्हणले, "यंदा केदाराला जायचं. परळीला जातो, औंढ्याला जातो, तसंच. सगळ्यांनी अनवाणी. वैशाखात दार उघडतंय, त्या मुहूर्ताला आपण तिथं."

सगळ्यांनी हर हर म्हणलं. बायकांच्या बाजूनं अक्काचा आवाज आला, "अप्पा, वैशाखात तिथं बर्फ किती असतंय?"

मठात असा हशा पिकला! लिंगराजअप्पा म्हणले, "अगं, बर्फ म्हंजे गाराच की. मागल्या साली आपल्याकडं पडल्या न्हाईत का? घडीभरात पाणी झालं. अन् दार उघडलं म्हंजे वाट मोकळीच असणार. देवाचं दार हाय ते, तुझ्या दुकानाची फळी न्हाई."

"तुमी पाह्यलंय का बर्फ?"

"पाहायचं काय त्यात? भर उन्हाळ्यात काळ्या ढेकळांवरून अनवाणी चालणारी माणसं आपण. अन् तुला झेपत नसंल तर नको येऊ. बाईमाणसाला वाटंत कोण खांद्यावर घेणार?"

झालं! अक्काच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी येताना ती ताडताड म्होरं चालली. दारात आल्यावर म्हणली, "महादेवी, मी जाणार." म्हणली म्हंजे जाणार. सवाल एवढाच होता, की गावकी तिला जाऊ देती का, अन् गेली तर धडधाकट माघारी येती का.

दुसऱ्या दिवसापासून तिनं चौकशी लावली. माल भरायला परभणीला गेली की ठेसनावर गार्डाला इचार, मोटारीच्या ड्रायव्हरला इचार, काशी करून आलेल्या बामणाला इचार. कुणी म्हणलं गुडघाभर, कुणी म्हणलं काहीच नसतं. तिचा समद्यांना एकच सवाल, "तुमी स्वतः पाय ठेवलाय का?" कुणीच ठेवला नव्हता. शेवटी बाजारात शिलाजित इकणारा एक पहाडी माणूस गावला. अक्कानं त्याला आमच्या वट्यावर बसवलं, दूध-भाकर वाढली, अन् आपल्या दखनीत इचारलं, "भाई, केदार को बरफ कित्ता रैता?"

तो हसला न्हाई. त्यानं कमरेला हात लावून दाखवला. म्हणला, दार उघडायच्या येळी कुदळीनं बर्फ तोडून वाट करावी लागती. मग त्यानं आपला पाय म्होरं केला. पायाला दोन बोटं नव्हती. "नंगे पाँव मत जाना, माई," म्हणला.

मला रडू फुटलं. मी म्हणलं, "अक्का, राहू द्या तो केदार. घरीच अभिषेक करू." ती म्हणली, "बोटं त्याची गेली अन् तू का रडायलीस? बरं झालं, आता कळलं तरी."

पण मठात शिलाजितवाल्याचं कोण ऐकतंय! "भ्या दाखवून औषध खपवायलाय तो," म्हणले लिंगराजअप्पा. मग अक्का पेटलीच. तिनं माझ्या मालकाला (नाव घ्यायला आता कशाची लाज, शिवरुद्रअप्पाला) परभणीला धाडलं अन् बर्फाची लादी मागवली. भुशात घालून, पोत्यात गुंडाळून, मोटारीच्या टपावर टाकून त्यांनी ती आणली. वाटंत खिडकीतून आत पाणी गळलं म्हणून लोकांनी त्यांना लय शिव्या घातल्या. गावात पोचूस्तोर निम्मी लादी इरघळली होती. उरलेली अक्कानं मठाच्या अंगणात ठेवली अन् लिंगराजअप्पांना म्हणली, "या अप्पा. हाच केदार समजा. ओम नमः शिवायची एक माळ होईस्तोर उभं राहा. राहिलात तर मी मुकाट तुमच्या मागं अनवाणी येते."

अख्खा गाव जमला. लिंगराजअप्पा धोतर सावरून चढले. पयल्यांदा मंत्र कसा भारदस्त! मग आवाज बारीक झाला, मग भराभर व्हायला लागला, मग नुसतं "शिवा शिवा शिवा" अन् खाली उडी. माळ पाव बी झाली नव्हती. लोक फिदीफिदी हसले तसे ते लाल झाले. म्हणले, "हे कारखान्यातलं बर्फ हाय! यात औषध घालतात. देवाचं बर्फ भक्ताला चावत न्हाई!"

अन् बगा, बसलेल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या की हो! पटलं त्यांना. गावात जन्मात कुणी बर्फावर पाय दिला नव्हता, अन् देवाचं बर्फ कसं असतंय ते मात्र सगळ्यांना ठाऊक.

मग अक्का चढली. मला वाटलं, आता ही दातावर दात दाबून माळ पुरी करती अन् सगळ्यांची तोंडं बंद करती. कशाचं काय! "आई गं, मेले!" म्हणून तीबी टुणकन खाली. पाय चोळत चोळत सगळ्यांसमोर म्हणली, "मला न्हाई झेपत. मी बूट घालून जाणार."

एकच गलका झाला. चामडं घालून केदाराला? अन् नवस? नवस तर अनवाणी जायचा बोललाय! अक्का म्हणली, "ज्यानं बोलला त्यानं बर्फ पाह्यलं नव्हतं."

बाहेरच्यांचं तिला काही न्हाई वाटलं. पण त्या सांजंला माझे मालक जेवायला बसले न्हाईत. उंबऱ्यात उभं राहून म्हणले, "वैनी, लादी आणली हीच माझी चूक झाली. रानात दादा बोलला तवा मी शेजारी होतो. अनवाणी म्हणला होता तो. तुमी त्याचा शब्द मोडायलाव." मन्मथअप्पा गेल्यावर अक्काच्या डोळ्यांत मी पयल्यांदा पाणी पाह्यलं ते तवा. तिनं भाकरी झाकून ठेवली अन् आत गेली.

सकाळी उठून मात्र गेली ती थेट परभणीच्या बाजारात. तवा तिथं मिलटरीचे जुने बूट इकायला यायचे, तळाला खिळे मारलेले, धोंड्यासारखे जड. तिनं दोन जोड आणले. मी म्हणलं, "दुसरा कुणाचा?"

"तुझा. मी काय एकली जाऊ?"

मला कुणी इचारलंच नव्हतं! मालकांनी माझ्याकडं पाह्यलं. मी बुटाकडं पाह्यलं. अन् काय माझ्या मनात आलं देव जाणे, मी पाय घातला. पुढं चिंध्या कोंबाव्या लागल्या, एवढा मोठा. आमी दोघी नऊवारी लुगड्याखाली ते बूट घालून अंगणात चाललो, खाड खाड खाड, तर म्हशीनं दावं तोडलं. अक्का पोट धरून हसली. मालक उठून शेताकडं निघून गेले.

लिंगराजअप्पांनी आमाला संगं घ्यायला साफ नकार दिला. अक्का म्हणली, "नका घेऊ. रेल्वे तुमच्या आडतीची न्हाई." मग काय, डबा एकच, पण चूल येगळी. ते बाराजण म्होरं, आमी दोघी मागं. मोटार संपली अन् पायवाट लागली तशी अक्कानं नवी खोड काढली. वरून उतरणाऱ्या माणसाला हात जोडायच्या आधी ती त्याचे पाय बगायची. कुणाच्या पायाला फडकी, कुणाचे सुजलेले, कुणाचा जोडा भिजून लगदा झालेला. "तोंडाचं ऐकू नको महादेवी, पाय बग," म्हणायची. "तोंडानं समदे दर्शन चांगलं झालं म्हणतात."

अन् एका वळणाला ते दिसलं. गारा? कसल्या गारा! डोंगराच्या डोंगर पांढरा, वाट खाली गाडलेली, अन् त्याच्याही खालून नदीचा आवाज. मी तर रडायलाच लागले. भ्यानं का आनंदानं ते मला अजून सांगता येत न्हाई. लिंगराजअप्पांनी हर हर म्हणलं अन् अनवाणी पाय टाकला. माणूस जिद्दीचा, ते कबूल करते. बाकीचे अर्ध्या वाटंतून माघारी फिरले, हे मात्र चालत राहिले. मग खाली बसले. पाय जांभळे पडलेले, लेकरावानी हुंदके द्यायले. अक्कानं आपली घोंगडी दिली, पायाला बांधा म्हणली, तर तिच्या अंगावर धावून आले, "नवस बाटवू नको माझा!"

शेवटी एका पहाडी हमालानं त्यांना पाठीवरच्या टोपलीत घातलं. त्या टोपलीत माणूस तोंड मागं करून बसतो. म्हंजे आमी दोघी मागून चढायलो, अन् लिंगराजअप्पा वरून सारखे आमच्याकडंच बगायलेत! आमी पडलो की त्यांनी मान वळवावी, उठलो की पुन्हा बगावं. मी कितींदा पडले मोजलं न्हाई. अक्का पडली की त्या बुटाला, डोंगराला अन् मिलटरीला मिळून शिव्या द्यायची, अन् पुन्हा चढायची.

दारात बूट काढले. आतली फरशी अशी, की पाय हायेत का न्हाईत कळंना. आतला देव आपल्या लिंगासारखा न्हाई, बैलाच्या वशिंडासारखा धोंडा हाय. अक्कानं त्याला दोन्ही हातांनी कवळा घातला अन् गाल टेकवला. लोक ढकलायले तरी ती हालंना. बाहेर आल्यावर मी इचारलं, "नवसाचं सांगितलं का?" म्हणली, "गप, अन् बूट बांध."

गावात आलो तर मठात सत्कार. लिंगराजअप्पांना शाल घातली, अनवाणी गेले अन् अनवाणी आले म्हणून. मला राहवलं न्हाई, मी बसल्या जागेवरून म्हणलं, "खरंच की! पाय जमिनीला लागलाच न्हाई तर जोडे कशाला पाहिजेत?" हशा झाला. तो त्यांना लय झोंबला. ते उठून म्हणले, "माझं राहू द्या. बसम्माचं बोला. बूट घालून गेली, नवस फिटला न्हाई. पुन्हा अनवाणी जावं लागंल, न्हाईतर मन्मथअप्पाच्या जिवाला शांती न्हाई."

मेलेल्या माणसाला मधी आणलं त्यांनी! माझे मालक पुरुषांत खाली मान घालून बसलेले. अक्का उठली.

"कुणाचा नवस?" ती म्हणली. "मी नवस फेडाया गेलेच न्हाई. नवस मालकाचा होता. मी केदाराला तसंच सांगून आले, नवस बोलणारा तुझ्याकडंच आलाय, तुमी दोघं काय ते बगून घ्या. लगीन होऊन आले तवापासून मी कुणाच्या ना कुणाच्या नवसानं उपाशी राहिले. सासूच्या, सासऱ्याच्या, मालकाच्या. कुणी मला इचारलं न्हाई, तुला काय पाहिजे. केदाराला मी माझ्या मनानं गेले. मला बघायचं होतं. पाह्यलं. लय आवडलं मला."

लिंगराजअप्पांनी शाल नीट केली. तेवढ्यात माझे मालक उठले अन् कुणाकडं न बगता बाहेर गेले. मला वाटलं, संपलं, हे आता या घरात तिच्याशी बोलणार न्हाईत. मी धावत दारापर्यंत गेले, मागून अक्का आली.

ते पायरीखाली वाकले होते. अक्का त्या दिवशी मुद्दाम बूट घालून आली होती. सगळ्या गावादेखत त्यांनी ते चामड्याचे बूट हातात घेतले, उपरण्यानं धूळ झटकली अन् तिच्यासाठी पायरीपाशी सरळ लावून ठेवले.

"घाला वैनी," ते म्हणले, "ऊन लय हाय."