बंदीवरच्या सिनेमात मले फक्त रडायचं होतं

मंडळी, आज सिंदेवाहीजवळ शूटिंगले गेली होती. सिनेमा पन्नासच्या दशकातला. झाडीपट्टीतल्या एका गोंड बाईच्या गाण्यावर फौजदार बंदी आणते, अन् नाटक मंडळी त्याच्याशी भांडते. विषय एकदम जबरदस्त!

ती गोंड बाई म्हणजे मी. मी स्वतः गोंडच, म्हणून खुशीत गेली. पाहतो तर मले एकही वाक्य नाई.

डायरेक्टर म्हणाले, "ताई, तुम्ही फक्त मागे उभं राहून रडा."

"काऊन जी? गाणं तर माह्यंच बंद केलं ना?"

"तुमच्या वतीने नाटक मंडळीतला हिरो बोलतो ना."

आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात सुचलं तर स्टेजवरच नवीन वाक्य टाकतो आम्ही. सवयच ती. टेक सुरू झाला अन् मी सरळ फौजदारासमोर गेली. गोंडीत म्हटलं, "हे गाणं माह्या मायचं आहे. बंद करायच्या आधी मले विचारा."

हिरो आपलं वाक्यच विसरला.

"कट! ताई, पुन्हा घेऊ. पण आता तोंड उघडायचं नाही."

मी म्हटलं, "सर, मंग फौजदाराचा रोल तुमीच करा."

सारा सेट हसला. डायरेक्टरनं शूटिंगच उद्यावर ढकललं. उद्या पुन्हा तोच सीन आहे, अन् मी बोलणार आहो.

तुमी असते तर रडले असते का?