लग्नाच्या भिंतीवरचा फेटेवाला

मी अकोल्याला कॉलेजात गेलो तेव्हा तिथल्या वाचनालयात एक इंग्रजी साप्ताहिक येत असे. त्यातलं इंग्रजी मला अर्धंच कळायचं, पण शेवटच्या पानावरची व्यंगचित्रं पूर्ण कळायची. वाटोळे डोळे, लांबच लांब नाक, हाताला चारच बोटं. ती वहीत उतरवता उतरवता माझी स्वतःची मंडळी तयार झाली. चष्मा लावणारा कावळा, बूट घालूनही वेळेवर न पोचणारा ससा, ढोलाएवढ्या पोटाचा हवालदार आणि फेटेवाला. वर्गात मी कोणाशी फारसा बोलत नसे. दर सोमवारी कॉलेजच्या भित्तिपत्रकात ही मंडळी बोलायची, आणि पोरं मला शोधत येऊन विचारायची की आता फेटेवाला काय करणार.

फेटेवाला कुठून आला हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. बाबा एकदा मला पीठ द्यायला कॉलेजात आले होते. तिथली फरशी पाहून त्यांनी जोडे काढून हातात घेतले आणि काखेत छत्री, फेटा डोळ्यांवर घसरलेला, असे ते सबंध व्हरांडाभर मला हुडकत फिरले. पोरं हसली. मला तेव्हा पुढे व्हायला जरा उशीर झाला. त्याच आठवड्यात मी पहिला फेटेवाला काढला आणि खाली लिहिलं, 'आमचे बाबा कॉलेज पाहायला येतात.' ते चित्र वहीतच राहिलं. भित्तिपत्रकावरच्या चित्रांत मी 'बाबा' हा शब्द गाळला, माणूस तोच ठेवला.

वैशाखात धाकट्या बहिणीचं लग्न झालं. आमच्याकडे लग्नघराच्या दाराला दोन्ही बाजूंनी चोपदार आणि हत्ती काढतात. मी म्हटलं, या वेळी मी काढतो. चोपदार काढले, आणि जागा उरली म्हणून गेरू, चुना, नीळ घेऊन माझी सगळी मंडळी भिंतीवर उभी केली. गाव बघायला आलं. कॉलेज शिकलेल्या पोराची भिंत म्हणून आईनं येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून दाखवली.

वऱ्हाड आलं तेव्हा नवरदेवाकडची पोरं फेटेवाल्यासमोर थबकली. एक जण ओरडला की हे तर आपले आबा. आबा म्हणजे नवरदेवाचे वडील, आमचे व्याही. त्यांचा फेटा मोठा होता, नाक लांब होतं, आणि नेमकी त्या दिवशी त्यांच्या काखेतही छत्री होती. सगळे हसले. व्याहीही हसले, पण जेवायला बसले ते भिंतीकडे पाठ करून.

आषाढात, लग्नानंतरच्या पहिल्या आखाडीच्या सणाला, बहीण माहेरी आली. तिला न्यायला कोणी आलंच नाही. पोळा झाला, दसरा झाला. रिसोडच्या बाजारात व्याह्यांच्या गावच्या एका माणसानं बाबांना निरोप सांगितला की ज्या घरानं आमची नक्कल भिंतीवर काढली त्या घरची पोरगी आम्हाला नको. भिंत पुसावी तर लग्नाची भिंत वर्षाच्या आत पुसत नाहीत म्हणून आई आडवी आली. आणि पुसली असती तर चोरी कबूल केल्यासारखंच झालं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा बहीण त्याच भिंतीखाली डाळ निवडत बसलेली असायची. शेजारणी तिला विचारायच्या, दिवाळी इथंच का. ती मान खाली घालून खडे वेचायची. एकदा तिनं मला विचारलं, "भाऊ, खरं सांग. तुह्या डोक्यात कोन होतं?"

मी म्हणालो, कोणी नाही.

"मंग जाऊन त्याइले सांग न. मी कितीक दिवस बसू अशी?"

सांगणं सोपं होतं. व्याह्यांना मी लग्नाआधी पाहिलंही नव्हतं, आणि वहीतली चित्रं सोयरिकीच्या आदल्या वर्षाची होती. पण त्यातलं सर्वांत जुनं चित्र तेच, 'आमचे बाबा' या ओळीचं. ते फाडलं तर पुरावा गेला. दाखवलं तर बाबा समोर. बाबांना अक्षरओळख नव्हती एवढाच मला आधार होता, आणि त्या आधाराची लाजही वाटत होती. दोन दिवस मी वही पिशवीत घातली नि काढली. तिसऱ्या दिवशी बाबाच म्हणाले, चल.

रिसोडपर्यंत मोटारीनं आणि पुढे पायी गेलो. व्याही ओसरीत बाजेवर बसले होते. पाणी दिलं, चहा आला, बोलणं मात्र कापसावरच चाललं. शेवटी मी वही पुढे केली आणि काय ते कसंबसं सांगितलं. व्याह्यांना वाचता येत होतं. ओळीखाली बोट ठेवून ते मोठ्यानं वाचू लागले, "आमचे बा..." आणि थांबले. त्यांनी वर पाहिलं, बाबांकडे.

मी बाबांकडे पाहू शकलो नाही.

"वाचा न, इवाईबुवा," बाबा म्हणाले. "तो मी हाय. भितीवर काढला त्याच दिशी वळखला मी. आता पोरीले कायले बसवता?"

 व्याही इतके हसले की त्यांना खोकला लागला. घरातली सगळी बोलावली, वही हातोहात फिरली. हसू ओसरल्यावर ते मला म्हणाले, "आमच्या गावानं सहा महिने मले हासून घेतलं. आता माह्या दारात काढ. खाली याइचं नाव घाल, म्हंजे कोनाचा घोटाळा होनार नाई."

मी म्हणालो, रंग नाहीत. घर नुकतंच दिवाळीसाठी सारवलेलं होतं. गेरू, चुना, सगळं होतं. मी बाबांकडे वळलो. ते नाही म्हणतील असं मला वाटत होतं.

"काढ," ते म्हणाले.

मी काढू लागलो. बाबांनी गेरू कालवून वाटी माझ्यासमोर धरली. व्याही मागून सांगत होते, नाक आणखी लांब कर. मी केलं. खाली त्यांनी सांगितलं तसं बाबांचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. बाबांनी अक्षरांकडे पाहिलं आणि विचारलं, "मंग कवा येता न्यायले?"

व्याही म्हणाले, बुधवारी.

परतताना बाबा वाटेतल्या तुरीबद्दल बोलले. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाले की पोरीला काही सांगू नको, उगाच जीव लहान करील.

बुधवारी व्याह्यांची दमणी, त्यांची छपराची बैलगाडी, खरंच आली. बहिणीनं नवं लुगडं नेसलं, शेजारणींच्या दारावरून मुद्दाम हळू चालत गेली. गाडीत बसताना मला म्हणाली, "तू सांगतलं म्हनून झालं, भाऊ." बैल वळले. सासरच्या दारात उतरल्याबरोबर तिला ते चित्र दिसणार होतं, खाली बाबांच्या नावासकट. आधी सांगावं का, हे मला ठरवता आलं नाही, आणि गाडी नाल्यापलीकडे गेली.