डावा डोळा

लग्न होऊन मी वरसेहून जोह्याला आले, तेव्हा सासरच्या गणपतीच्या कारखान्यात मला पहिलं काम मिळालं ते गप्प बसायचं. माझ्यासारख्या बोलघेवडीला ती शिक्षाच. डोळ्यांची आखणी सुरू झाली की पंखा बंद व्हायचा. आम्ही पाचजणी एकेक मूर्ती पुढ्यात घेऊन ओळीनं बसायचो, आणि सासूबाई हळूच म्हणायच्या, "सोडा." सगळ्यांनी एकदम श्वास सोडायचा आणि पुढचा घ्यायच्या आत कुंचल्यानं पापणीची रेघ पुरी करायची. श्वास घेतला की खांदा उचलतो, खांदा उचलला की रेघ बिघडते. महिन्याभरात मला त्याची गोडी लागली. माहेरची आठवण, जावेचे टोमणे, सगळं त्या सोडलेल्या श्वासाबरोबर निघून जायचं. निदान दुपारपर्यंत तरी.

पुढं त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराला सासूबाईंचा हात कापायला लागला. उजवा डोळा नेटका यायचा, डाव्याशी कुंचला थरथरायचा. त्यांच्या आखणीचं पेणपर्यंत नाव होतं. त्या हे कुणाला सांगणार? मला ते बघवेना. त्या जेवायला गेल्या की मी ओल्या फडक्यानं बिघडलेला डोळा पुसायचे आणि पुन्हा काढायचे. आपण पुण्यच करतोय असं वाटायचं.

पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. एका मूर्तीचे दोन्ही डोळे एकाच हातानं काढायचे असतात. दोन हात लागले की नजर दोन दिशांना जाते. एक दिवस सासूबाईंनी वाळलेली मूर्ती उचलली, लांब धरली आणि बघत राहिल्या.

"डावा माझा नाय," त्या म्हणाल्या. "तुझा हाय. व्हय ना गो?"

मी मान हलवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी फडक्यानं मूर्तीचे दोन्ही डोळे पुसले, ती माझ्यापुढं ठेवली आणि स्वतःचा कुंचला माझ्या हातात दिला. "दोनी तूच काढ," म्हणाल्या, आणि मग सगळ्यांना, "सोडा."

सगळ्यांनी श्वास सोडला. त्यांचाही सोडलेला मला ऐकू आला, अगदी कानाशी. मी एक डोळा काढला. त्या पुन्हा "सोडा" म्हणाल्या. मी दुसरा काढला.

त्यांनी मूर्ती निरखून पाहिली. "चांगले हायत." मग जावेपुढची पिवळ्या रंगाची वाटी आपल्याकडं ओढली.

"आजपासून धोतरं मी रंगवीन. धोतराच्या चुणीला हात हालला तरी चालतो."