तिसऱ्या खेपेचा चहा

साऱ्या परभणी जिल्ह्यात इंग्रजी भाषेला वठणीवर आणणारी बाई एकच झाली, आणि ती म्हणजे आमची आत्या. इंग्रजी शिकलेले पुष्कळ आहेत. मी स्वतः पाथरीच्या शाळेत वीस वर्षं इंग्रजीच शिकवतो आहे. पण आम्ही सगळे त्या भाषेपुढं मान खाली घालून उभे राहिलो. ती म्हणेल तसं म्हणालो. आत्या चौथी शिकलेली, ताडकळसला आठ शेळ्या आणि दोन एकर रान सांभाळणारी. तिनं मात्र इंग्रजीला अंगणात उभं करून जाब विचारला. लोक हसले. हसू देत. मीही आधी हसलो होतो, ते कबूल करतो.

आत्याच्या घरी चहाचा एक कायदा होता. यजमानानं तीनदा विचारायचं आणि पाहुण्यानं दोनदा नको म्हणायचं. "पयला नको लाजंचा, दुसरा रीतीचा, अन् तिसऱ्याला कप हातात," असं ती लहान पोरांनाही पढवायची. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा तिच्या लेखी हावरा आणि तिसऱ्यालाही नको म्हणणारा शिष्ट. एकदा शेळ्यांना लस टोचायला जनावरांचे डॉक्टर आले. ते बिचारे मनापासून नको म्हणत होते, त्यांना साखरेचा आजार. तिसऱ्या खेपेला त्यांनी हात जोडले. आत्या आत गेली आणि बिनसाखरेचा चहा घेऊन आली. "आता दुसरा कोन्ता आजार हाय का?" डॉक्टर मुकाट्यानं प्याले, आणि पुढं शेळ्या ठणठणीत असतानाही महिन्यातून एकदा त्यांची मोटारसायकल आत्याच्या दारात दिसायला लागली.

अशा या बाईला तिच्या मुलानं, म्हणजे गजाननानं, भर मे महिन्यात परभणीच्या एका थंडगार हॉटेलात नेलं. गजानन पुण्याला कंपनीत नोकरीला. त्याला बढती मिळाली होती, म्हणून मलाही बोलावलं होतं. टाय लावलेला वेटर आला आणि आत्यापुढं वाकून म्हणाला, "वुड यू लाइक समथिंग टु ड्रिंक, मॅम?" गजाननानं सांगितलं, "आई, काय पिणार म्हणतोय." आत्यानं रीतीप्रमाणं मान हलवून "नको" म्हटलं. वेटर "ओके मॅम" म्हणाला आणि गेला, तो गेलाच! आम्ही दोघांनी सांगितलेलं लिंबू सरबत आलं. आत्या पदर सावरून दुसऱ्या खेपेची वाट बघत बसली. घसा कोरडा पडला, पण मागितलं नाही. मला काय ते कळत होतं, तरी मी मूर्खासारखा सरबत ओढत राहिलो. बाहेर आल्याबरोबर ती रस्ता ओलांडून रसवंतीवर गेली, उसाच्या रसाचे तीन ग्लास लागोपाठ प्याली, आणि मग बोलली. "एकदाच इचारून गेला मेला! माय-बापानं काय शिकीवलं त्याला?"

गजानन वैतागला. "आई, इथं एकदाच विचारतात. पाहिजे असलं तर सरळ सांगायचं असतं. आणि हे बघ, पुढच्या महिन्यात पुण्याची माणसं सोयरिकीचं बोलायला इथंच येणार आहेत. तू तिथं काही बोलू नकोस. ऑर्डर मी देईन."

चौथ्या दिवशी एसटी बदलत बदलत ती पाथरीला माझ्या दारात हजर झाली. पिशवीत शेंगदाण्याचे लाडू आणि दोनशे पानी वही. डोळे लाल. "माझ्या लेकाच्या सोयरिकीत मी मुकी बसू? माझी इज्जत हाय का न्हाई? शिकीव मला त्यांची बोली. पानी मागायची शिकीव, चहा मागायची शिकीव. बाकीची राहू दे त्यांच्यापाशी."

त्यानंतरचे आठ दिवस मी विसरणार नाही. वीस वर्षांत एकाही पोरानं मला इतकं छळलं नाही. 'कुड वुई हॅव टी, प्लीज' हे वाक्य तिनं देवनागरीत लिहून घेतलं आणि माझ्यावर उलटली. "चहा आपला, पैसा आपला, अन् परवानगी त्याची कामून?" मी म्हटलं, आत्या, ही नम्रतेची पद्धत आहे. "आसं व्हय? मंग प्लीज मागून कामून? पाया पडायचं तर आल्या आल्या पडावं की!" 'आय वुड लाइक' हे तर तिनं तोंडातच घेतलं नाही. आपल्या एकटीपुरतं मागायला ती काय भिकारीण होती? तिनं सगळीकडं 'वुई' घातलं. शेवटी मी 'नो, थँक यू' सांगितलं.

"हे पयल्या खेपेला," ती लिहीत म्हणाली. "दुसऱ्या खेपेला काय मनायचं?"

"दुसरी खेप नसते आत्या."

तिनं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, चिडेल. पण तिला खरोखर वाईट वाटलं होतं. "म्हंजी एवढी मोठी दुनियेची बोली, अन् त्याच्यात आग्रहच न्हाई?" तिनं पेन परत उचललं आणि त्या वाक्यावर आडवी रेघ मारली. "मी घालीन त्याच्यात. तू नको काळजी करू."

घरी जाऊन ती रोज शेळ्यांना हिरवा पाला दाखवत 'वुड यू लाइक' विचारायची आणि तीनदा विचारल्याशिवाय टाकायची नाही. बाजाराच्या दिवशी चहाच्या हॉटेलात शिरून "एक्स्क्यूज मी, कुड वुई हॅव टी, प्लीज?" असं खणखणीत म्हणायची. अख्खं हॉटेल खदखदायचं. एकानं विचारलंच, "आत्याबाई, या वयात ही थेरं कामून?" आत्या म्हणाली, "तुला येतं का रे? न्हाई ना? मंग चहा पी, अन् गप बस."

तो दिवस उजाडला. मुलीचे आईवडील, मुलगी, गजानन, आत्या आणि मी, असे सहा जण त्याच हॉटेलात बसलो. तोच वेटर आला. गजाननानं तोंड उघडलं, तर आत्यानं त्याच्या हातावर हात ठेवला. "एक्स्क्यूज मी. कुड वुई हॅव सिक्स टीज, प्लीज?" वेटर चमकला. मुलीचे वडील कौतुकानं हसले. माझा ऊर भरून आला. इथंच थांबली असती तर प्रश्न नव्हता. पण आत्या मुलीकडं वळली. कोपऱ्यात अंग चोरून बसलेली ती पोर कधीची टेबलाकडं बघत होती.

"वुड यू लाइक समथिंग टु ड्रिंक? चहाबिगर काई?"

"नो, थँक यू," मुलगी पुटपुटली.

"वुड यू लाइक?"

"नको, खरंच नको."

मुलीची आई अवघडली. गजानन दातओठ खात कुजबुजला, "आई, बास कर. नाही म्हणाली ना ती."

"गप रे. आजून एक खेप राह्यली." सोयरीक मोडली तर खापर माझ्याच डोक्यावर फुटणार, या भीतीनं मला घाम सुटला. आत्या पुढं वाकली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "वुड यू लाइक, माय?"

मुलीनं आईकडं पाहिलं, मग आत्याकडं. "येस, प्लीज," ती म्हणाली. "ताक मिळेल? सकाळपासून तहान लागलीय. आईनं बजावलं होतं, तिथं काही मागायचं नाही."

तिची आई लाजली आणि मग खळखळून हसली. "मलाही ताकच सांगा हो!" आत्यानं लेकाकडं फक्त एकदा पाहिलं. गजानन लालबुंद झाला. त्यानं वेटरला हाक मारली आणि म्हणाला, "ताक सहा." मग आईकडं वळून विचारलं, "आई, तुला चालेल ना?" आत्या म्हणाली, "नको." त्यानं परत विचारलं. ती परत नको म्हणाली. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

लग्न झालं. नातू झाला, तशी आत्या पुण्याला गेली, त्याला दोन वर्षं झाली. शेळ्या विकल्या. फोनवर सांगते, की बिल्डिंगमध्ये सगळे एकदाच विचारतात, पण चौथ्या मजल्यावरची एक बाई आता दुसऱ्या खेपेपर्यंत आली आहे. येईल, सगळी बिल्डिंग येईल. कुणी काही म्हणो, मी वर्गात 'नो, थँक यू' फळ्यावर दोनदा लिहितो, आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं तर सांगतो, आमच्याकडं असंच असतं.

परवा बाजाराच्या दिवशी ताडकळसला गेलो होतो. घराला कुलूप. उगाच त्या चहाच्या हॉटेलात जाऊन बसलो. मालक नवा होता. त्यानं विचारलं, "चहा?" मी सवयीनं म्हणालो, "नको." तो "बरं" म्हणून दुसऱ्या बाकाकडं गेला. मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. माझा अजून एक 'नको' शिल्लक होता, आणि त्याच्यामागं एक 'हो'.