पाळीखालचं पाणी

"तू घाल पाय. आमच्या घरच्या बाया का चिखलात उतरतीन?"

मालक पाळीवर उभे होते, पांढरे बूट घालून. मी खाली, पाळ फुटली होती तिथं, साडी गुडघ्यावर खोचून. भोवतालचे हसले. माझ्या नवऱ्यानं मान खाली घातली. मले त्याचाच राग जास्त आला.

बोडी म्हणजे आमच्या गावचं लहानसं तळं, मातीची पाळ घालून अडवलेलं. नागपूरहून उमरेड रोडनं निघालं की आतल्या अंगाले आमचं गाव. मालकायची शेती इथं, पण ते नागपुरात, नंदनवनात राहतात, रविवारी कारनं येतात. बोडी कागदावर ग्रामपंचायतीची. पण तसं म्हणायची हिंमत कोणाची?

बोडीले एका बाजूनं पायऱ्यायचा घाट आहे. वरच्या मोहल्ल्यातले तिथं कपडे धुतात, ढोरं पाजतात. आमच्या टोलीतलं, म्हणजे गावाबाहेरच्या आमच्या वस्तीतलं, कोणी जात नाही. पहिले जातीचं नाव घेऊन हाकलत. आता घाटाजवळ मंदिर झालं, तर म्हणतात, "देवाची जागा आहे, समजून घ्या." म्हणजे तेच. आम्ही पाळीच्या मागं. पाळीतून झिरपे, त्याचं खाली एक डबकं साचे. सासूनं जन्मभर त्यातच कपडे धुतले. बकऱ्या तेच पाणी पीत. टोलीत नळ आहे, पण तो प्यायपुरता.

यंदा खेकड्यायनं पाळ पोखरली. झिरपणं वाढलं अन् बोडी उतरू लागली. मालकाचा निरोप आला, टोलीतल्या बाया पाठवा. माती तुडवायची तर आमचेच पाय. भोक खोदून मोठं करतात, त्यात काळी माती अन् धानाचं तणस टाकतात, अन् बाया एकमेकीचा खांदा धरून तुडवतात, घट्ट होईपर्यंत. हाक आली की आमच्यातलं कोणी विचारत नाही, काहून म्हणून. निघतो.

त्या दिवशी मी विचारलं. म्हणलं, "मालक, हे बुजलं तर आमचं डबकं आटन."

"मंग? बोडी का तुमच्या डबक्यासाठी बांधली होती?"

सासूनं माझ्या दंडाले चिमटा काढला. "चूप राह वं. तुडव."

अन् मी तुडवलं. काय करणार होती? नवऱ्याचं काम मालकाच्याच ट्रॅक्टरवर. तुडवता तुडवता पाळीखाली पाहिलं. धार बारीक होत चालली होती. आपल्याच पायानं आपलं पाणी बंद करून राहिलो, हे समजत होतं. तरी पाय थांबत नव्हते. रडू आलं. कोणी पाहिलं नाही.

काम झालं. नारळ फुटला. वर हातोहात प्रसाद वाटला. आमचा पळसाच्या पानावर, खाली ठेवून दिला. सासूनं उचलून पदरात बांधला. मी हात नाही लावला.

थोड्याच दिवसात डबकं आटलं. चिखलाले भेगा पडल्या. बकऱ्या तिथं जाऊन उभ्या राहत अन् ओरडत. पोरगी मळका ड्रेस घालून शाळेत जाताना रडे. मी सरपंचाकडे गेली, तर तो म्हणे, "मालकाले विचार." कोणाकोणाले विचारायचं?

मंग एका सकाळी धुणं घेऊन घाटावर गेली. एकटीच. वरच्या मोहल्ल्यातली एक म्हातारी धुऊन राहिली होती, बाजूले आणखी दोन-चार बाया.

"इथं नको वं. खाली जा."

"खाली पाणी नाही, काकी."

"मंग मी काय करू? रीत आहे."

मी शेवटच्या पायरीवर बसली अन् पोरीचा ड्रेस पाण्यात बुडवला. म्हातारी उठून गेली. बाकीच्या बायाही गेल्या. मी पिळून उठली तेव्हा मंदिरातला माणूस बादली घेऊन आला अन् माझ्यादेखत पायरी धुऊन काढली. शिवी दिली असती तर मी तरी काही बोलली असती.

त्याच दिवशी नवऱ्याले ट्रॅक्टरवरून उतरवलं. तो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजला. टोलीतले म्हणतात, हे तुझ्यापायी झालं. खोटं नाही ते.

काल सासू जवळ येऊन बसली. हळूच म्हणे, "जागा तुले माहीत आहे. सब्बल घे, जरासं भोक पाड. डबकं भरन, भांडण मिटन."

सोपं आहे. मले ती जागा डोळे मिटून सापडन.

पण मी भोक पाडणार नाही. ती पाळ मी तुडवली आहे, बोडीत जे पाणी थांबलं ते माझ्याही पायानं थांबलं आहे. त्यायच्यातून गळलेलं मले आता नको. भेव वाटते, खोटं काहून सांगू. सोबत कोणी नाही, उद्याही नसन. तरी मी घाटावर जाणार, दिवसाउजेडी, पायऱ्या उतरून. त्यायनं पायरी रोज धुवावी. मी रोज तिच्यावर बसन.