देवीचा उजवा खांदा

आमच्या गल्लीत एक चमत्कार झालाय, आणि तो मी केलाय.

आता तुम्हाला वाटणार, पोरगं बाबा झालं, पाया पडून घ्यावं. न्हायतर वाटणार, हा आता देव खोटा कसा ते पटवून देणार. तसलं काय बी न्हाय. शेवटी शिव्या मीच खाल्ल्यात, एवढं आधीच सांगून ठेवतो. (म्हणजे निवांत वाचता येतंय.)

तर अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, कागलच्या एमआयडीसीत नोकरी लागली. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली पोरगी, पार्ट तपासायचं काम, पगार झकास. भानगड एकच, एक आठवडाआड दुपारपाळी. घरला यायला रात्रीचे बारा.

पप्पा म्हणाले, "देवीला विचारू."

आमचे पप्पा सगळं देवीला विचारतात. फ्रिज घ्यायचा का, हे पण विचारलेलं. (देवी व्हय म्हणाली. कुठल्या कंपनीचा, ते दुकानदारानं सांगितलं.)

विचारायची पद्धत अशी, की आमच्या गल्लीतल्या मरगाईच्या दोन खांद्यांवर शेवंतीची दोन ओली फुलं चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. उजवं पडलं तर व्हय, डावं पडलं तर न्हाय. याला कौल म्हणतात. मी याला गुरुत्वाकर्षण म्हणायचो! तेव्हा मी बारावी सायन्सला होतो आणि कट्ट्यावर कोण बी सापडला की त्याला 'अंधश्रद्धा आणि आपण' ऐकवायचो. लोक मला लांबून बघितलं की गल्ली बदलायचे.

अक्का आदल्या दिवशी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "पिंट्या, तुझं ते गुरुत्वाकर्षण उद्या माझ्या बाजूनं फिरीव की रं. परवा कळवलं न्हाय तर ते दुसऱ्या कुणाला घेणारेत."

"झालं समज," मी म्हटलं. "सायन्स हाय सायन्स!"

आणि नशीब बघा, दुसऱ्या दिवशी देवळातल्या गुरवमामांची कंबर धरली. मामा म्हणाले, "पिंट्या, आंघोळ केलीयास न्हवं? मग आत जा आणि फुलं लाव. मला हात वर हुईना."

माझ्या खिशात चपलेचा अंगठा चिकटवायची ट्यूब होती. बेत सरळ होता. डावं फूल असं चिकटवायचं, की भूकंप झाला तरी हलणार न्हाय. मग पडायला उरतंय कोण? उजवं! मी देवीसमोर उभा राहिलो आणि डाव्या बाजूला हात घातला. खांदा तेलकट लागला. तेलावर ट्यूब बसत न्हाय (परत सायन्स!), म्हणून नव्या रुमालानं तो चकचकीत पुसला, ट्यूब पिळली, फूल दाबलं. उजवीकडं नुसतं ओलं फूल टेकवलं आणि साळसूद तोंड करून बाहेर येऊन बसलो.

मामांनी गाऱ्हाणं सुरू केलं. "ए आईऽऽ मरगाईऽऽ, लेकराला वाट दाव गंऽऽ!"

मला आवाज काढायची खोड. मी अक्काच्या कानात मामांच्याच सुरात म्हटलं, "ए आईऽऽ, हिला पगार हुदे गंऽऽ, मला मोबाइल घिऊदे गंऽऽ!" आवाज इतका हुबेहूब निघाला, की पप्पांनी डोळे मिटून मलाच हात जोडले.

तेवढ्यात टप्! फूल पडलं. माझ्या उजव्या हाताचं!

मी उडीच मारली. "पडलं! उजवं पडलं! अक्का, पेढे!"

मामा म्हणाले, "डावं पडलंय."

"अवो मामा, हा बघा की माझा उजवा हात!"

"कौल तू देतुयास का देवी?"

माझा हात वरच राहिला. देवी आमच्याकडं तोंड करून बसलीय. तिचा उजवा म्हणजे माझा डावा! तिथं कोण बसलंय असं मी कधी धरलंच नव्हतं, मग तिला उजवा-डावा हात असेल हे डोक्यात यायचं कुठनं?

अक्काचं तोंड पांढरं पडलं. पप्पा उठले. "संपलं. देवी न्हाय म्हणाली."

मी म्हटलं, "पप्पा, परत लावू! क्रिकेटमध्ये थर्ड अंपायर असतोय की!"

"गप बस! मामा, ते राहिलेलं फूल काढा."

मामांनी फूल ओढलं. येईना. परत ओढलं. पाकळ्या हातात आल्या, फूल जाग्यावर! मामा दोन पावलं मागं सरकले. "देवीनं फूल धरलंय!"

झालं! शेजारच्या तानूकाकू धावत आल्या, त्यांनी हात लावला आणि तिथंच आडव्या पडल्या. दहा मिनिटांत निम्मी शिवाजी पेठ देवळात. रिक्षावाल्या दस्तगीरभाईंनी पॅसेंजरसकट रिक्षा थांबवली आणि नारळ ठेवून गेले. (पॅसेंजर पण पाया पडला.)

मामा घाम पुसत म्हणाले, "देवी न्हाय म्हणाली खरं, पर 'व्हय'चं फूल तिला सोडवंना. पोरीनं जावं असंच तिच्या मनात हाय."

तानूकाकू मला म्हणाल्या, "काय रं सायन्सवाल्या, आता बोल की! का दातखीळ बसली?"

सगळी गल्ली माझ्याकडं बघायला लागली. खरं सांगावं तर अक्काची नोकरी जाती. गप्प बसावं तर माझं सायन्स जातं. अक्कानं नुसतं माझ्याकडं बघितलं. मी सायन्स सोडलं आणि लोटांगण घातलं!

पप्पांनी डोळे पुसले. "देवीची इच्छा. जाऊ दे पोरगी कामाला. दुपारपाळीला तिला गाडीवरनं आणायला पिंट्या जाईल."

म्हणजे नोकरी अक्काला, झोप माझी गेली.

संध्याकाळी आईनं धुवायला माझी पँट घेतली आणि खिशातनं रिकामी ट्यूब निघाली. तिच्यामागनं तेलकट रुमाल. आईनं दोन्हीकडं बघितलं, दार लावलं आणि धपाटा घातला.

"मुडद्या! चपलेची ट्यूब देवीला लावलीस?"

"अक्कासाठी लावली गं! चुकून उजवीकडं लागली!"

"चुकून? आणि त्या खांद्याचं तेल कुणी पुसलं?"

"मी. पण तुला कसं ठाऊक तेल होतं?"

"मीच लावून आलते सकाळी! उजवं फूल गप्पकन पडलं असतं. माझ्या तेलावर बोळा फिरवलास तू!"

मी विचारलं, "आई, तुझा देवीवर विश्वास न्हाय?"

"देवीवर हाय रं. तुझ्या बापावर न्हाय!"

मग गरम पाण्याची बादली आणि काथ्या माझ्या हातात आला. "जा, लोक जेवायला गेल्यात तवर देवीचा खांदा धुऊन ये. आणि उजवा धू, उजवा!"

मी उंबऱ्यापर्यंत गेलो, तर मागनं आवाज आला.

"तुझा न्हवं! तिचा!"